दहावा खंड

देगू
३ जून १९८५

ति. सौ. वहिनीस,

देगूहून जोंगनिमचा वाकून नमस्कार. आम्ही इकडे खुशाल. तुझी खुशाली विचारणार होते, पण पाचव्या खंडाच्या पानांवरूनच ती कळली.

वहिनी, आपला ठराव काय होता? ‘मातीचं कूळ’ या कादंबरीचा एकेक खंड मी विकत घ्यायचा, आधी मी वाचायचा, मग पोस्टाने नामहेला तुझ्याकडे धाडायचा, आणि वाचून झाला की तू परत करायचा. परत म्हणजे पुस्तक परत, लसूण नव्हे. पुडकं उघडलं आणि घरभर असा वास सुटला, की यांनी आतून विचारलं, वहिनींनी लोणचं पाठवलंय का. ओकबुनचा नवरा छिलसोंग माठांनी भरलेली होडी घेऊन बंदरातून निघतो ते पान तर कुणीतरी धुऊन वाळत घातल्यासारखं झालंय. तू रडलीस, की तुझ्या अंगणात लसणाच्या जुड्या बांधायला बसणाऱ्या बायका? जिंजूकरीण म्हणेल, डोळ्यांत लसूण गेला. डोळ्यांत कांदा जातो, लसूण नाही, एवढं शहरात राहून मलाही कळतं.

सहावा सोबत पाठवते आहे. छिलसोंगची काही बातमी नाही. होडी गेली ती गेली. सासरा अंथरुणाला खिळला, पोरं लहान, आणि ओकबुन रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन उभी राहते. कुंभाराच्या घरची सून, पण काय बाई आहे! मला ती फार आवडायला लागली आहे. भट्टीवरचा तो अनाथ कारागीर मानसू तिच्यासाठी जीव टाकतो, माणूसही चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्याने आपली माती मळावी. दुसऱ्याच्या संसारात लक्ष घालू नये.

सुबोकला आत्याचा आशीर्वाद सांग. मच्छी सोसायटीतली नोकरी त्याला मानवली म्हणायची, गेल्या खेपेला चांगला गुटगुटीत दिसत होता.

आणि वाडगा ठेवतेस ना गं? ठेवतेसच, तरी विचारते. दादाला नेलं तेव्हा मी बारा वर्षांची होते. तेव्हापासून त्या घरात पाऊल टाकलं की माझा हात आधी चुलीकडच्या उबदार कोपऱ्यात दुलईखाली जातो. त्याचा काशाचा वाडगा तिथे आहे आणि आतला भात ऊन आहे, एवढं कळलं की मग मी कोट काढते.

लोभ आहे तसा राहू दे, पुस्तक मात्र आलं तसं परत पाठव.

तुझी नणंद,
जोंगनिम


नामहे
२२ जून १९८५

चि. वन्संना,

माक्रेचे अनेक आशीर्वाद. तुमचं पत्र आणि सहावा खंड दोन्ही पोचलं. लसूण काढून झाला, जुड्या बांधून झाल्या, पाठ मात्र अजून बांधल्यासारखीच आहे. साठी गाठली म्हणायची.

वासाचं म्हणाल, तर दोष माझा नाही. मी मोठेपणी गावच्या वर्गात अक्षरं गिरवलेली बाई. तुमच्यासारखं मनातल्या मनात मला वाचता येत नाही, मोठ्यानेच वाचावं लागतं. आणि मोठ्याने वाचायला लागलं की कुंपणापलीकडून माणसं येतात. आलेल्या माणसांना रिकामं कसं बसवायचं, म्हणून लसूण पुढ्यात ठेवते. एका खंडात माझं एक वावर आवरतं. तुमचा लेखक मजूर पुरवतो आहे मला, त्याला कळवा.

पण ओकबुनच्या बाबतीत आमच्या अंगणाचं मत तुमच्या उलट आहे. तिने मानसूशी लग्न करावं. मानसूने तिच्या पोरांच्या अंगावर पांघरूण घातलं, सासऱ्याची औषधं आणली, भट्टी विझू दिली नाही, आणि ही बाई धक्क्यावर उभी! जिंजूकरीण तर इतकी तापली, की हातातली जुडी आपटून म्हणाली, मला त्या गावचा रस्ता सांगा, मी जाऊन तिला गदागदा हलवते. तुमच्या बाजूची एकटी सामचोनकरीण. पण तिचा नवरा रोज दिवस मावळायच्या आत घरी येतो. वाट बघण्याची हौस तिला परवडते.

सुबोक रविवारी आला होता. गुटगुटीत आहे, पण तोंड लहान करून बसला. पुन्हा तोच विषय. ज्याच्या जाण्याचा दिवस माहीत नाही, त्याचं पान नवव्या चांद्रमासाच्या नवव्या दिवशी वाढतात, तसं यंदा बाबांचं वाढू या म्हणतो. एकुलता मुलगा असून बापाला दोन घास वाढत नाही, म्हणून सोसायटीतले म्हातारे त्याला टोचून बोलतात. मी म्हटलं, लसणाचा हंगाम आटपू दे. त्यावर म्हणाला, की लसणाचा हंगाम त्याच्या जन्मापासून चालूच आहे. मी उठून भांडी घासायला गेले. एकदा पान वाढलं, की माणूस गेला असं आपणच आपल्या तोंडाने म्हटल्यासारखं होतं.

वाडगा ठेवते. काळजी करू नका.

सातवा लवकर पाठवा. भावोजींना नमस्कार, आणि सांगा की लोणचं वेगळं पाठवीन.

तुमची वहिनी,
माक्रे


देगू
१६ जुलै १९८५

ति. सौ. वहिनीस,

नमस्कार वि. वि. इकडे उकाड्याने जीव नकोसा झालाय. देगूचा उन्हाळा म्हणजे मानसूची भट्टी, फक्त आतून माठ निघत नाहीत, माणसं निघतात.

सातवा आणि आठवा एकदमच पाठवते आहे. सातव्यात तुम्ही सगळ्या हसाल. आठव्याच्या वेळी मात्र जिंजूकरणीला म्हणावं, रुमालावर भागणार नाही, पंचा आण. याहून जास्त बोलत नाही. मागे मी दुसऱ्या खंडातलं बाळंतपण आधीच सांगून टाकलं तेव्हा तू महिनाभर अबोला धरला होतास, आठवतंय.

तुझं मानसूप्रेम बघून मला आता वेगळीच शंका येते आहे. खरं सांग, नामहेत कुणी कुंभार होता का? मी लहान होते, माझ्या लक्षात आलं नसेल. आता सांगितलंस तरी मी कुणाला बोलणार नाही.

सुबोकला माझ्या वतीने समजाव. म्हणावं, थोडं थांब. इतकी वर्षं थांबलो ना? सापडला नाही म्हणजे मेला असं थोडंच आहे! दादा सैन्यात नव्हता गेला, पन्नास सालच्या लढाईत सैन्याची ओझी पाठीवर वाहायला त्याला धरून नेलं होतं. सैनिक मेला तर घरी कागद येतो. ओझी वाहणाऱ्यांची नोंद कोण ठेवतो? कागद आला नाही, म्हणजे काहीही झालेलं असू शकतं. दोन वर्षांपूर्वी लढाईत ताटातूट झालेल्यांना टीव्हीवरून शोधत होते, तेव्हा सोलमध्ये टीव्हीवाल्यांच्या दारात गळ्यात दादाच्या नावाची पाटी अडकवून मी उभी होते, तेव्हा माझ्या शेजारच्या म्हातारीला तिचा भाऊ सापडला. माझ्या डोळ्यांदेखत. मी तिची छत्री धरून उभी होते.

सुबोक चांगला मुलगा आहे. पण त्याने त्याला पाहिलेलं नाही. ज्याने पाहिलंच नाही त्याला घाई असणार.

तब्येतीला जप, उन्हात वावरात जाऊ नकोस, आणि आमच्यावरची माया पुस्तकाच्या पुडक्यात बांधून पाठवत जा.

तुझी,
जोंगनिम


नामहे
२८ ऑगस्ट १९८५

चि. वन्संना,

आशीर्वाद. कुंभार नव्हता. एक सुतार होता, त्याला दात नव्हते. झालं समाधान?

आता मी जे लिहिणार आहे ते बसून वाचा. आणि भावोजींना लगेच वाचून दाखवू नका, ते हसतील.

मानसू गेला. तुम्ही पंचा म्हणालात, आम्हाला चादरी पुरल्या नाहीत. भट्टीचं छत कोसळतं, तो आतले माठ वाचवायला जातो, आणि जाताना ओकबुनला काय सांगतो तर चुलीवरचं पाणी उतरव म्हणून! आयुष्यभर जिच्यासाठी झिजला तिला शेवटचं वाक्य ते! सामचोनकरणीने त्याच दिवशी पक्ष बदलला. मग जिंजूकरणीच्या डोक्यात आलं, की या बिचाऱ्याला ना बायको, ना मूल. ओकबुनची पोरं दुसऱ्या कुळाची, ती त्याचं पान वाढू शकत नाहीत. म्हणजे हा उपाशीच राहणार. ती हे म्हणाली आणि सगळ्यांचे हात थांबले. कुणी म्हणेना, की अगं, तो पुस्तकातला आहे.

थोडक्यात सांगते, शनिवारी संध्याकाळी आम्ही मानसूचं पान वाढलं.

हसा. मीही आता हसते आहे. पण तेव्हा सगळं रीतसर झालं. ओटीवर चौरंग मांडला, मागे पडदा लावला, भात, रस्सा, सुका मासा, नासपती, डाळीच्या वड्या. तांदळाची दारू, मकगोली, जिंजूकरणीने आणली, कारण तिसऱ्या खंडात तो ती पितो. नावाचा कागद लावायचा तर पंचाईत झाली. मानसूचं आडनाव लेखकाने दिलेलंच नाही, आणि नसलेल्या माणसाचं नाव लिहायला माझा हातही धजेना. म्हणून कोराच कागद चिकटवला. बायका ओळीने उभ्या राहिल्या, मी पेला पुढे केला, आणि त्याच वेळी फाटक वाजलं.

सुबोक. छपराची कौलं बघायला म्हणून न सांगता आला होता.

त्याने चौरंग पाहिला. पडदा पाहिला. काळवंडल्यागत दिसणाऱ्या आम्हा बायका पाहिल्या, रडून सुजलेलं माझं तोंड पाहिलं. कोरा कागद पाहिला, आणि त्याला वाटलं, आईला ती अवघड चिनी अक्षरं येत नाहीत म्हणून तिने जागा माझ्यासाठी मोकळी ठेवली आहे. मला तोंड उघडायला सवडच मिळाली नाही. पोरगा आडावर जाऊन हात धुऊन आला, सदऱ्याची सगळी बटणं लावली, आणि चौरंगासमोर दोनदा पालथा पडून नमस्कार केला. दुसऱ्या वेळी कपाळ जमिनीला टेकलं ते वर येईना. आणि म्हणाला, की बाबा, मी सुबोक, तुम्ही मला पाहिलेलं नाही.

वन्सं, कुणी हललं नाही. जिंजूकरीण, जिच्या जिभेला हाड नाही, तिने आपल्या तोंडात एक अख्खी वडी कोंबली आणि तशीच उभी राहिली. पस्तिशीचा बाप्या, दोन लेकरांचा बाप, मानसूसमोर पडून लहान मुलासारखा हुंदके देत होता.

मी त्याला त्या दिवशी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भात वाढताना सांगितलं. मला वाटलं रागावेल. त्याने चमचा खाली ठेवला. मग विचारलं, हा मानसू कोण. मी आठही खंडांची गोष्ट सांगितली, भात गार झाला. शेवटी म्हणाला, की माणूस भला होता, त्याला नमस्कार घातला यात काही बिघडलं नाही. चपला घालताना मात्र मान खाली घालून विचारलं, मग बाबांचं कधी.

इतकी वर्षं मी फक्त माझ्या आणि तुमच्या वाट बघण्याचा विचार केला. या पोराला बाप गेला म्हणून रडायलाही आम्ही जागा ठेवली नव्हती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मला फार वाईट वाटतंय, वन्सं.

नववा पाठवा. तुमच्या लोभाची गरज आज जरा जास्तच आहे.

तुमची,
माक्रेवहिनी


देगू
११ सप्टेंबर १९८५

ति. सौ. वहिनीस,

नमस्कार. मी हसले. खूप हसले. जिंजूकरणीची वडी वाचून मला ठसका लागला, यांनी पाणी आणून दिलं. यांना मी नाहीच सांगितलं, तू म्हणालीस म्हणून. पण पत्र टेबलावर विसरले आणि ते त्यांनी आपणच वाचलं. तेव्हापासून कादंबरीतलं कुणी आजारी पडलं की विचारतात, चौरंग काढू का.

सुबोकचं वाचलं. त्याबद्दल सावकाश लिहीन. आज डोकं दुखतंय.

नववा पाठवते आहे. ओकबुनच्या सुनेचं तोंड फार चालतं, जपून वाच, तुमच्या बायका तिलाही हलवायला निघतील. दहावा, म्हणजे शेवटचा, अजून आलेला नाही. दुकानदार म्हणतो छापखान्यात रखडलाय. कागदाची टंचाई की काय, मी नीट ऐकलं नाही. तेव्हा घाई करू नका, नवव्यावरच पोट भरा.

छुसकच्या सणाला येणं जमणार नाही. मुलीची परीक्षा आहे. तुम्ही तांदळाच्या पिठीचे सोंगप्योन करा आणि माझ्या वाटचे दोन जास्त खा. तिळाचे खा, चण्याचे सामचोनकरणीला द्या.

लोभ धरून ठेव, सोडू नकोस.

जोंगनिम


नामहे
१ ऑक्टोबर १९८५

चि. वन्संना,

आशीर्वाद. छुसक झाला. तुमच्या वाटचे सोंगप्योन सुबोकच्या धाकटीने खाल्ले. तिला आत्याआजीचा वाटा म्हणून दिले, तर विचारते, आत्याआजी का आली नाही. मी परीक्षा म्हटलं. ती पहिलीत आहे, परीक्षा काय असते ते तिला कळतं. तिने मान डोलावली. मला मात्र कळलं नाही, की सणाच्या दिवशी कुठल्या कॉलेजात परीक्षा घेतात.

आता दुसरं. जिंजूकरीण सणाला माहेरी गेली होती. जिंजूच्या बाजारात पुस्तकाच्या दुकानाच्या काचेमागे दहावा खंड उभा आहे. निळं कव्हर, वर भट्टीचं चित्र. तिने दुकानात जाऊन हातात घेऊन पाहिला. दुकानदार म्हणाला, उन्हाळ्यापासून आलाय. विकत घेणार होती, पण किंमत ऐकून ठेवून दिला आणि म्हणाली, जोंगनिमताई पाठवतीलच. कागदाची टंचाई जिंजूत नसावी, फक्त देगूत असावी.

वन्सं, तुम्ही खोटं बोलायला कधीच शिकला नाहीत. लहानपणी बोरं चोरून खायचात आणि बिया फ्रॉकच्या खिशात ठेवायचात. मला शंका आहे, की शेवटी छिलसोंग येत नाही, आणि ते मी वाचू नये म्हणून तुम्ही पुस्तक दडपून बसला आहात. माझी काळजी करू नका. आठ दिवस रडेन, लसूण लावून होईल.

आणि तिसरं. आधी लिहायला हवं होतं ते शेवटी लिहिते आहे. मी सुबोकला हो म्हटलं. येत्या बावीस तारखेला नवव्या महिन्याची नवमी आहे. त्या दिवशी दुपारी तुमच्या दादांचं पान वाढायचं ठरलं आहे. या खेपेला कागद कोरा नसेल, सुबोक मास्तरांकडून अक्षरं गिरवून घेतो आहे. सोसायटीच्या पावत्यांच्या पाठीमागे रोज लिहितो.

तुम्ही त्यांच्या पाठची बहीण. तुम्ही असल्याशिवाय मला ते पान पुरं वाटणार नाही. या. दहावा खंड घेऊन या, नाहीतर रिकाम्या हाताने या, पण या.

तुमची,
माक्रे


देगू
८ ऑक्टोबर १९८५

सौ. वहिनी,

मी येणार नाही.

तुम्हाला एवढी कसली घाई झाली? कालपरवाच टीव्हीवर पाहिलंस ना, उत्तरेकडची माणसं सोलला आली, इकडची तिकडे गेली, मूठभर का होईना, भेटली. भावाने बहिणीला ओळखलं. आणि नेमकं आत्ता, या महिन्यात, तुम्ही दादाला चौरंगावर बसवणार. उद्या त्याचं पत्र आलं तर काय तोंड दाखवशील त्याला?

तू मानसूच्या बाजूची आहेस हे मला पहिल्यापासून माहीत होतं. मी ते थट्टेवारी नेत होते. कादंबरीत काय वाटेल ते कर गं, पण ओकबुन म्हणजे तू नव्हेस आणि छिलसोंग म्हणजे माझा दादा नव्हे.

दहावा खंड माझ्याकडे आहे. जुलैपासून कपाटात पडून आहे. पण तुझा अंदाज चुकला. शेवटी काय होतं ते मला माहीत नाही. मी तो उघडलेलाच नाही. दादा गेला त्या आठवड्यात तो मला दुकानातून भाड्याने आणलेलं एक पुस्तक वाचून दाखवत होता. राजपुत्र विहिरीत पडला, तिथवर गोष्ट आली आणि त्याला न्यायला आलेले लोक बाहेरून हाका मारायला लागले. त्याने पानाचा कोपरा दुमडला आणि सांगितलं, पुढचं आल्यावर. त्या राजपुत्राचं पुढे काय झालं ते मी आजतागायत कुणाला विचारलं नाही. शेवटचा खंड हातात घेतला की मला तो दुमडलेला कोपरा दिसतो. मी काय करू?

त्या दुलईखाली हात घालते ना, तेव्हा मला वाटतं, दादा उशीर झालेल्या माणसांपैकी एक आहे. एवढंच. ते तेवढं तरी मला ठेवा.

जोंगनिम


नामहे
२४ ऑक्टोबर १९८५

चि. वन्संना,

अनेक आशीर्वाद. तुमच्या रागावलेल्या पत्राला उत्तर द्यायला उशीर केला, कारण आधी लिहिलं असतं तर तुम्ही माझी समजूत घातली असतीत आणि मी ऐकलं असतं. तुमचं मी नेहमी ऐकते. म्हणून मुद्दाम सगळं उरकून लिहायला बसले.

परवा दुपारी झालं. ऊन छान होतं. सुबोकने कागद लिहिला, तिसरं अक्षर थोडं तिरकं गेलं, त्याला दुसरा लिहायचा होता, मी राहू दे म्हटलं. त्याच्या बापाचंही अक्षर तिरकंच होतं. पानावर मी त्यांचा तोच काशाचा वाडगा ठेवला. सुबोकने झाकण काढलं, वाफ निघाली, त्याने चमचा रोवला. कोपऱ्यात जिंजूकरीण आणि सामचोनकरीण होत्या. जिंजूकरणीने मकगोलीचा एक जास्तीचा पेला बाजूला ठेवला आणि माझ्या कानात सांगितलं, तो मानसूचा, एकटा कसा पिईल तो. मला अशा वेळी हसू आलं. सुबोकलाही आलं. तुमचे दादा असते तर त्यांनाच सगळ्यात आधी आलं असतं.

मग सुबोकने वाडग्यातला भात खाल्ला. वन्सं, इतकी वर्षं तो भात दुसऱ्या दिवशी गार झालेला मीच खात आले. ऊन असताना त्यातला घास कुणाच्या तोंडात गेला तो परवा पहिल्यांदा. पोरगा सगळा संपवून उठला आणि म्हणाला, पोट भरलं.

तुम्ही विचारलंत, पत्र आलं तर काय तोंड दाखवशील. आलं तर मी धावत जाईन, चौरंग मोडून चुलीत घालीन, आणि त्यांना सांगीन की तुमचं पान वाढलं होतं, आता तुम्ही शंभर वर्षं जगणार. पण येणार नाही. सुबोकला शाळेत घातलं त्या सुमारास एका संध्याकाळी वाडग्यावर झाकण ठेवताना मला आपलं कळलं. कुणी सांगितलं नाही, स्वप्न पडलं नाही, नुसतं कळलं. तरी झाकण ठेवलं. कारण सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्या गेल्या, तेव्हा मी तो वाडगा वर ठेवून देणार होते. पण तुम्ही आलात दहाव्याला, अंगावरचा ओला कोटही न काढता सरळ कोपऱ्यात गेलात, दुलईखाली हात घातलात, आणि तुमचा चेहरा असा निवला, की मी मुकाट्याने दुसऱ्या दिवशीही भात भरला. तेव्हापासून तो तुमच्यासाठीच होता. मला तुमचा राग येत नाही, पण तुम्ही म्हणालात ना, मी ओकबुन नव्हे? बरोबर आहे. धक्क्यावर तुम्ही उभ्या होतात. मी पोराच्या अंगावर पांघरूण घालत होते.

त्या विहिरीतल्या राजपुत्राची गोष्ट मीही ऐकत होते, स्वयंपाकघरातून. मलाही पुढचं माहीत नाही. तेव्हा तुम्ही एकट्याच अडकून पडला आहात असं समजू नका.

दहावा खंड घेऊन या. एकट्याने उघडू नका. मी मोठ्याने वाचते, तुम्ही शेजारी बसून ऐका, लसूण लावून झालाय तेव्हा हाताला काम नाही, नुसतं बसायचं. छिलसोंग आला तर तुम्ही जिंकलात, नाही आला तर अंगणातल्या सगळ्या तुमच्याबरोबर रडतील, जिंजूकरीण सगळ्यांत मोठ्याने. पण मध्येच पान दुमडायचं नाही. शेवटच्या पानापर्यंत जायचं.

लोभ असावा असं मी लिहीत नाही, तो आहे म्हणून तर एवढं लिहिलं.

तुमचीच,
माक्रेवहिनी

ता. क. परवा पान वाढून झाल्यावर वाडगा घासून वर फळीवर ठेवला. संध्याकाळी बघते तर माझ्या हातांनी सवयीने तो परत काढला, भात भरला, झाकण लावून दुलईखाली सरकवला. लक्षात आलं तेव्हा काढून घेणार होते. मग वाटलं, असू दे, या घरचं एक माणूस अजून यायचं आहे. कालही ठेवला, आजही ठेवलाय. भात निवायच्या आत या.